एकट्याची वाट आणि सीमेवरचा कागद



फळ्यावर माझे नाव वाचून आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल की, आता तासभर किमान वेतन आणि कंत्राटी कामगार यांचे पुराण ऐकावे लागणार. चालकांचीही तीच अपेक्षा होती. मी विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी फोन करून पुन्हा विचारून घेतले, 'मोटारसायकलवरून परदेशप्रवास? एकट्याने? आणि बोलणार तुम्ही?' त्यांचे आश्चर्य रास्त होते. मी नववीपर्यंत शिकलेला फिटर. तीस वर्षे युनियनचे काम करतो आहे. ज्याचा उभा जन्म 'एकटे राहू नका' हे इतरांना सांगण्यात गेला, त्याने एकट्याने भटकणाऱ्यांची तरफदारी करावी, हे विचित्र दिसते खरे.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे मागाहून कुणी फसवले म्हणायला नको. मी स्वतः परक्या देशाची सीमा एकदाच ओलांडली आहे, आणि तीही नेपाळची, जिथे आपल्याला पासपोर्ट लागत नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे ते बरेचसे वाचलेले आणि थोडेसे भोगलेले, असे आहे. वाचलेले प्रथम सांगतो.

पुण्यात एका बैठकीला गेलो असताना रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी पुस्तक मिळाले. नाव 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स', लेखक टेड सायमन, प्रथम प्रकाशन १९७९. इंग्रजी मी नगरवाचनालयातल्या शब्दकोशाच्या आधाराने शिकलो. त्यामुळे ते पुस्तक वाचायला मला चार महिने लागले. हा टेड सायमन जर्मनीत जन्मला, लंडनमध्ये वाढला, पेशाने पत्रकार. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मनाने घेतले की मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करायची. मौज अशी की, तोवर त्याला मोटारसायकल चालवताही येत नव्हती. ती तो या प्रवासासाठी शिकला. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी तो लंडनहून निघाला आणि नेमके त्याच दिवशी इजिप्त व सीरिया यांचे इस्रायलशी युद्ध जुंपले. त्याची वाट इजिप्तमधूनच जाणारी! तरीही तो गेला. आफ्रिका उभी ओलांडून दक्षिण टोकाला, तिथून बोटीने ब्राझीलला, मग दक्षिण अमेरिका, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, मलाया, भारत, आणि पुढे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असे करीत १९७७ साली घरी पोहोचला. चार वर्षे, पंचेचाळीस देश आणि सुमारे एक लाख तीन हजार किलोमीटर. भारतात त्याला एक जण म्हणाला की, तू ज्युपिटर आहेस. पुस्तकाचे नाव त्यावरून पडले. ज्युपिटर म्हणजे आपला गुरू. साहेबाला ते रोमन देवाचे नाव वाटले असेल. आपल्याकडे गुरूचा ग्रह म्हटला की आधी मुलीच्या लग्नाचा योग आठवतो.

आता या गोष्टीत माझ्यासारख्याचे लक्ष जिथे अडकले तिथे येतो. सायमनची गाडी होती ट्रायम्फ कंपनीची 'टायगर १००', पाचशे सीसीची, दोन पिस्टनांची. ट्रायम्फचा कारखाना पूर्वी कॉव्हेंट्री शहरात होता. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ते शहर जाळले, त्यात तो गेला, आणि १९४२ पासून जवळच्या मेरिडन या खेड्यात नवा कारखाना चालू झाला. जपानी गाड्यांपुढे १९७० च्या सुमारास विलायती मोटारसायकलीचा धंदा पार खचला. कंपनी नव्या मालकांच्या हाती गेली आणि सप्टेंबर १९७३ मध्ये त्यांनी जाहीर केले की मेरिडनचा कारखाना बंद. सुमारे पावणेदोन हजार कामगारांच्या पोटावर पाय आला. तेव्हा कामगारांनी काय केले? त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला, दारावर पाळीपाळीने पहारा बसवला, आणि तयार गाड्या, यंत्रे, नकाशे काहीही बाहेर जाऊ द्यायचे नाही असे ठरवले. म्हणजे सायमन लंडनहून निघाला तेव्हा ज्या हातांनी त्याची गाडी जोडली होती ते हात मेरिडनच्या फाटकावर शेकोटी पेटवून बसले होते.

तो ठिय्या जवळजवळ दीड वर्ष चालला. मित्रहो, दीड वर्ष म्हणजे काय हे ज्याने एक महिन्याचा संप चालवला आहे त्याला विचारा. पहिल्या आठवड्यात भाषणे होतात, दुसऱ्यात वर्गणी होते, आणि चौथ्यात घरची माणसे बोलू लागतात. पुढे मजूर पक्षाचे सरकार आले, टोनी बेन उद्योगमंत्री झाले, आणि सरकारने सुमारे पन्नास लाख पौंडांचे कर्ज दिले. मार्च १९७५ मध्ये तिथे कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. झाडूवाल्यापासून कुशल कारागिरापर्यंत सर्वांना सारखाच पगार, आठवड्याला पन्नास पौंड. १९८३ मध्ये ती संस्था बुडाली. का बुडाली याची चर्चा मी इथे करीत नाही. भांडवल अपुरे होते, गाडीचा आराखडा जुना होता, आणि सारख्या पगारावरून कारागिरांत धुसफूसही होती, एवढे सांगतो. सायमनची ती गाडी आज कॉव्हेंट्रीच्या वाहन-संग्रहालयात आहे. मेरिडनचा कारखाना मात्र पाडला गेला.

हे मी इतके लांबवले याचे कारण आहे. 'एकट्याने जगाची प्रदक्षिणा' असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक माणूस आणि एक रस्ता येतो. फिटरला मात्र बोल्टही दिसतो, आणि तो कुणी आवळला हेही त्याच्या मनात येते. पण माझे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. गाडी दुसऱ्यांनी केली म्हणून प्रवासी एकटा नव्हता, हा युक्तिवाद सोपा आहे. तसे पाहिले तर आपण सारेच दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंवर जगतो. मला म्हणायचे आहे ते असे की, एकटा निघालेला माणूस जितका परक्यांच्या हवाली होतो तितका घोळक्यातला माणूस कधीच होत नाही.

चौघे मिळून निघाले म्हणजे त्यांचा एक लहानसा देशच त्यांच्याबरोबर चालतो. त्यांची भाषा त्यांच्यापाशी, हत्यारे त्यांच्यापाशी, चहाचे सामान त्यांच्यापाशी. २००४ साली इवान मॅकग्रेगर हा नट आणि त्याचा मित्र सायमनच्याच पुस्तकाने भारून लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला मोटारसायकलींवर गेले. मागे गाड्या, बरोबर कॅमेरे. त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. सैबेरियातल्या नद्या कुणालाच सोडत नाहीत. पण रात्री कुणाच्या दारात उभे राहायचे हा प्रश्न त्यांना तितकासा पडला नाही. एकट्याला तो रोज संध्याकाळी पडतो.

हे मला पुस्तकाआधी वस्तीत कळले होते. नवीन कारखान्यात सभासद करायला आम्ही पाच जण गेलो की दारे लागत. बायका म्हणत, 'हे घरी नाहीत.' तोच मी एकटा गेलो, आणि त्यातही सायकल पंक्चर झालेली असली, तर आतून पाण्याचा तांब्या येई, मग चहा येई, आणि घरी नसलेले 'हे' मागच्या खोलीतून बाहेर येत. पाच माणसे आली म्हणजे ती काहीतरी मागायला आलेली असतात. पंक्चर झालेला एक माणूस आला म्हणजे त्याला काहीतरी द्यायचे असते. वर्गणीची पुस्तके मी त्या पंक्चरांवर भरली आहेत, असे म्हटले तरी चालेल.

एल्सपेथ बिअर्ड नावाच्या एका इंग्रज मुलीची हकीकत याहून बोलकी आहे. ती वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी. १९८२ साली, वयाची पंचविशीही उलटली नव्हती तेव्हा, जुनी बीएमडब्ल्यू घेऊन निघाली आणि १९८४ मध्ये सुमारे छप्पन्न हजार किलोमीटर करून परतली. एकट्या मोटारसायकलवर जगाला वळसा घालणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पैसे गुत्त्यात काम करून साठवलेले. सिडनीत पैसे संपले तेव्हा सात महिने नोकरी केली, आणि तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे वाकवून गाडीला कुलूप लागणाऱ्या पेट्या स्वतः बनवल्या. हे वाचून मी पुस्तक मिटून क्षणभर बसलो. पत्रा वाकवणे दिसते तितके सोपे नाही, आमच्याकडे पोरे दोन-दोन वर्षे शिकतात. थायलंडमध्ये एक कुत्रा आडवा आला, गाडी आपटली, ती जबर जखमी झाली. एका गरीब कुटुंबाने तिला घरी ठेवून घेतले. दोहोंपैकी एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. दोन आठवडे त्यांनी तिची शुश्रूषा केली, जेवू घातले, आणि ज्या कुत्र्यामुळे अपघात झाला तोही त्या जेवणात होता असे तिच्या मागाहून ध्यानात आले. आपल्याला हे ऐकवत नाही, मान्य आहे. पण त्या घरी कुत्रा मेला, त्याची भरपाई कुणी मागितली नाही, उलट पाहुणीच्या पानात वाढले. आपल्या गावात परक्याच्या गाडीखाली कोंबडी सापडली तर काय होते, ते आपण सारेच जाणतो.

इथवर माणसांचे झाले. आता सीमेचे. कारण माणसे अशी असताना सीमेवर मात्र कुणी कुणावर विश्वास ठेवीत नाही. तिथे कागद लागतो.

आपल्याला वाटते पासपोर्ट आणि व्हिसा असला की झाले. तसे नाही. गाडीलाही तिचा पासपोर्ट लागतो. त्याला 'कार्नेट' म्हणतात. सरकारला भीती अशी की, परदेशी माणूस गाडी आणील, जकात न भरता इथेच विकील आणि विमानाने पळून जाईल. म्हणून १९५४ साली न्यूयॉर्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने याची व्यवस्था बांधून दिली आहे. कार्नेट म्हणजे एक पुस्तक. प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना सीमाशुल्काचा अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा फाडला जातो, आणि दोन्ही शिक्के उमटलेली स्थळप्रत प्रवाशाजवळ राहते. बाहेर पडल्याचा शिक्का नसला तर गाडी तिथे विकली असे धरून जकातीची मागणी येते, मग गाडी तुमच्या दारात उभी असली तरीही. हे पुस्तक सरकार देत नाही, मोटारमालकांच्या संस्था देतात. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. त्यासाठी मोठी रक्कम किंवा बँकेची हमी ठेवावी लागते, काही देशांसाठी तर ती गाडीच्या किमतीहूनही अधिक.

मला या कार्नेटचे कौतुक वाटते, आणि त्याचा रागही येतो. कौतुक अशासाठी की, ही एक संघटनेची करामत आहे. मुंबईची संस्था प्रवाशाचा जामीन राहते, परक्या देशातली तशीच संस्था तिच्या भरवशावर तिथल्या सरकारला हमी देते, आणि ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही अशा मंडळींच्या शब्दावर एक गाडी निम्मी पृथ्वी पार करते. ज्याला जग 'एकटा' म्हणते त्याच्या खिशात अशी एक युनियन असते! राग अशासाठी की, तेवढी ठेव ठेवण्याची ऐपत नसेल त्याला हे दार बंदच. आणि कागद हरवला तर माणूस कुठलाच राहत नाही. बिअर्डचा पासपोर्ट आणि सारे व्हिसे सिंगापुरात चोरीला गेले. ते पुन्हा उभे करण्यात सहा आठवडे मोडले. सायमनला १९७४ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीत संशयावरून पकडून कोंडले. कागद सारे ठीक होते, पण एकटा माणूस मोटारसायकलवरून फिरतो कशाला, याचे पटेल असे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. हेरगिरीचे उत्तर पोलिसांना अधिक पटण्यासारखे वाटले.

रस्तेही कायमचे नसतात. १९७७ साली सायमन अफगाणिस्तान आणि इराणमधून सुखाने गेला. दोनच वर्षांत इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि युरोपातून भारतात जमिनीवरून येण्याची ती वाट मोडली. १९८४ मध्ये बिअर्ड भारतात होती तेव्हा सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर पंजाब परदेशीयांना बंद झाला होता, आणि पाकिस्तानात जाण्याचा रस्ता तर पंजाबातूनच. मोठ्या खटपटीने ती पार पडली आणि सात दिवसांच्या मुदतीत इराण ओलांडला. तिथे शिरस्त्राण सहसा काढायचे नाही, म्हणजे डोके झाकलेले राहते आणि स्त्री आहे हेही चटकन कळत नाही, ही तिची युक्ती. आज आपल्याकडून कुणी निघायचे म्हटले तर अटारीची वाट २०२५ पासून बंद आहे. मणिपुरातून ब्रह्मदेशात जाणारी वाट तिथल्या २०२१ च्या लष्करी उठावाने गेली. उरतो तो नेपाळ आणि तिबेटचा मार्ग. चीन कार्नेट मानीत नाही, तिथला तात्पुरता परवाना घ्यावा लागतो आणि सरकारमान्य वाटाड्या बरोबर बाळगावा लागतो. एकट्याने निघालेला माणूस तिथे सक्तीने दुकटा होतो.

पासपोर्टाबद्दल थोडे बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आमचा एक वेल्डर आखातात गेला. उतरल्या दिवशी कंत्राटदाराने त्याचा पासपोर्ट 'सांभाळण्यासाठी' काढून घेतला, तो दोन वर्षे परत दिला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तमजुरीची जी अकरा लक्षणे सांगितली आहेत त्यांत ओळखीचे कागद अडकवून ठेवणे हे एक आहे. प्रवासी परक्या देशात गाडी आणतो तेव्हा ती विकली जाऊ नये म्हणून एवढे पुस्तक, एवढे शिक्के, एवढे जामीन. माणूस आणला जातो तेव्हा त्याच्यासाठी तसा जामीन कोण राहतो?

आता माझे स्वतःचे. २०१८ सालची टाळेबंदी आम्ही हरलो. कारखान्याचे नाव घेत नाही, त्याने काही साधत नाही. एकशे चाळीस माणसे रस्त्यावर आली. शेवटच्या सभेत एक म्हातारा उठून म्हणाला, 'तुमचं ऐकलं म्हणून ही वेळ आली.' त्यावर मला उत्तर देता आले नाही. पंधरा दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मग एके पहाटे दीडशे सीसीची माझी जुनी गाडी काढली, बायकोला सांगितले, 'जरा जाऊन येतो,' आणि निघालो. तिने कुठे म्हणून विचारले नाही. दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करीत सुमारे सतराशे किलोमीटरवर सुनौलीची कमान आली. धाडस वगैरे काही नव्हते. लोकांची तोंडे चुकवायची होती.

सुनौलीला मला कुणीच काही विचारले नाही. गाडीला मात्र विचारले. पलीकडे नेपाळी सीमाशुल्क कार्यालय आहे, त्याला 'भन्सार' म्हणतात. तिथे दिवसांच्या हिशेबाने पैसे भरून गाडीचा कागद घ्यावा लागतो. बुटवलच्या पुढे डोंगर सुरू होतो. त्या चढावर चेन तुटली. हत्यारे जवळ होती, पण जोडकडी नव्हती. गाडी ढकलीत अर्धा तास उतरलो तेव्हा एका मिस्त्रीचे टपरीवजा दुकान दिसले. तो गाडीच्या पाटीकडे पाहून मराठीत म्हणाला, 'एमएच दहा? सांगलीचे काय?'

तो भोसरीच्या बाजूला एका कारखान्यावर नऊ वर्षे कंत्राटी पहारेकरी होता. चेन बसवली, चेनचे पैसे घेतले, मजुरी घेईना. मी युनियनचा माणूस. कामाची मजुरी बुडवून उठणे मला जमेना. दहा मिनिटे आमचा त्यावर वाद झाला. मग त्याने मी काय काम करतो ते विचारले. मला सांगायचे नव्हते. पण खोटेही बोलवेना. ऐकल्यावर तो आत गेला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. त्यात नऊ वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर भविष्यनिर्वाह निधीची कपात. 'दाजू,' तो म्हणाला, 'हे पैसे मला मिळतील काय? की सीमेपलीकडच्याला मिळत नाहीत?'

मिळतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे निधीच्या बाबतीत नेपाळी कामगार हा भारतीय कामगारासारखाच धरतात. तेव्हा लागू असलेल्या १९५२ च्या कायद्याने त्याचा पै-पैचा हक्क होता, आणि पगारातून कापलेली रक्कम निधीत न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे. हे मला पाठ होते. बाराशे वेळा मी ते कुणाकुणाला सांगितले असेल. त्या टपरीत, ऑइलने काळ्या झालेल्या फळीवर मी त्याचा अर्ज लिहायला बसलो. चिठ्ठ्या महिन्यांप्रमाणे लावता लावता संध्याकाळ झाली. रात्री त्याच्या घरी जेवलो. डाळभात आणि मुळ्याचे लोणचे होते. दुसऱ्या दिवशी पुढे पोखऱ्याला जायचे ठरवले होते, ते गेलो नाही. भन्सारच्या कागदावर तीन दिवस शिल्लक होते. सकाळी गाडी उलट वळवली, पिशवी सीटखालच्या कप्प्यात मावेना म्हणून पोटाशी बांधली, आणि सीमेवर ना नेपाळच्या शिपायाने ती पाहिली ना आपल्या.

पहिला अर्ज परत आला, कारण त्याचे भारतातले बँकेचे खाते बंद पडले होते. ते चालू करायला त्याला गोरखपूरला दोन खेपा घालाव्या लागल्या. पाच वर्षांची रक्कम मिळाली. उरलेल्या चार वर्षांची कपात कंत्राटदाराने निधीत भरलेलीच नाही असे निघाले, आणि कंत्राटदाराने मधल्या काळात नाव बदलले आहे. दरवर्षी दसऱ्याला मिस्त्रीचा फोन येतो. गेल्या दसऱ्याला म्हणाला, 'दाजू, घाई नाही, पण विसरू नका.' निधी कार्यालयात सुनावणीची पुढची तारीख येत्या महिन्यात लागली आहे. त्या म्हाताऱ्याचे देणे त्याच कार्यालयातून निघायचे आहे, त्याचीही फाइल त्याच दिवशी घेऊन जाणार आहे.